लेखिकाबाईंची अर्धी कादंबरी

चर्चच्या मंडळीत तिला सगळे लेखिकाबाई म्हणत, आणि तिच्या नवऱ्याला लेखिकाबाईंचे मिस्टर. जन्मभर बस चालवलेल्या माणसाच्या हे नाव काही पचनी पडत नसे. चर्चमधून परतताना तो कुरकुरायचा, "मलाही एक नोकरी होती म्हणावं."

"होती ना. माझ्या पुस्तकांचे गठ्ठे उतरवायची," ती म्हणायची. बोलण्यात तिच्यापुढे त्यानं केव्हाच हात टेकले होते.

ती इस्पितळाच्या टेलिफोन एक्स्चेंजवर ऑपरेटर होती. खिडकी नसलेली खोली, समोर दिव्यांचा बोर्ड. एका लाइनवर बाळ झाल्याचं कळवायचं, दुसरीवर माणूस गेल्याचं, आणि आवाज दोन्हीकडे सारखाच ठेवायचा. फोन थंडावले की जुन्या ड्यूटी-चार्टच्या कोऱ्या पाठीवर ती कादंबरी लिहायची. तिची माणसं वाट चुकायची, देवावर रुसायची, ठेचकाळत परत यायची. बाहेरचे प्रकाशक बाड परत पाठवत, यात प्रार्थना फार आहे म्हणून. मंडळीतल्या बायका तोंड वाकडं करत, यातली माणसं देवाशी फार भांडतात म्हणून. "इकडे म्हणतात देव जास्त झाला, तिकडे म्हणतात कमी पडला," ती नवऱ्याला सांगायची. "मी काय भाजीत मीठ घालतेय?" शेवटी एका छोट्या ख्रिस्ती प्रकाशनानं तिला हात दिला. तरी उपासनेनंतर टेबल मांडून पुस्तकं विकायला ती स्वतःच उभी राहायची.

निवृत्त झाल्यावर तिनं एका सुईणीची कादंबरी लिहायला घेतली. साऱ्या गावची बाळंतपणं करणाऱ्या या सुईणीचं स्वतःचं मूल मात्र जन्मतःच गेलेलं. त्यानंतर तिनं चर्चची पायरी चढलेली नव्हती. तिच्या ड्रायव्हर नवऱ्यानं पहिली पानं वाचली आणि होती तशी जागेवर ठेवून दिली. त्यांचंही बाळ असंच गेलं होतं, ऐन तरुणपणी. पुन्हा घरात पाळणा हलला नाही. त्या बाळाचा विषय दोघांनी कधी काढला नव्हता, आणि एवढ्या पुस्तकांत तिनं तो कुठे येऊही दिला नव्हता.

सुईण चर्चच्या फाटकापाशी येऊन थांबते, तिथवर कादंबरी आली होती. त्या सकाळी इस्त्री करता करता ती एकदम खाली बसली. "काय झालं गं?" म्हणत तो धावला, तर तिचं तोंड एका बाजूला ओढलं गेलं होतं आणि इस्त्रीखाली त्याचा शर्ट जळत होता.

जीव वाचला. उजवा हात गेला आणि शब्द गेले. पाणी हवं असलं की ती "खुर्ची" म्हणायची. चूक तिच्याच कानाला लगेच कळायची आणि डोळे भरून यायचे. पाळक इस्पितळात भेटायला आले. पलंगाशी उभं राहून त्यांनी प्रभूची प्रार्थना सुरू केली, आणि काय आश्चर्य, तीही त्यांच्याबरोबर म्हणू लागली. अडखळणं नाही, चूक नाही, थेट आमेनपर्यंत. पाळकांना गहिवरून आलं. "चमत्कार आहे हा," ते म्हणाले. "घरी सोडलं की मंडळीसमोर याची साक्ष द्यायला आणा त्यांना."

वाचा-उपचार करणाऱ्या बाईंनी ड्रायव्हरला बाजूला घेतलं. "लहानपणी पाठ केलेलं बहुतेक वेळा टिकतं हो. स्वतः जुळवून बोलायचं, ते पुन्हा शिकावं लागेल. किती जमेल, आज नाही सांगता येत."

घरी आल्यावरच्या पहिल्या रविवारी त्यानं तिचे चांगले कपडे काढून ठेवले. तिनं डाव्या हातानं ते ढकलून दिले.

"अगं, लोक वाट बघतायत."

"नाही." हा एक शब्द तिच्याजवळ शाबूत होता. मग कितीतरी वेळ ओठांची झटापट चालली. "त्याचे... राहिले." तिनं वर बोट दाखवलं. "माझे..." आणि तिनं तळहातावर फुंकर मारली.

त्याला उमगायला वेळ लागला. देवानं स्वतःचे शब्द तिच्या तोंडात ठेवले आणि तिचे तेवढे उचलून नेले, असं म्हणत होती ती. त्यानं कपडे परत कपाटात ठेवले. तब्येत बरी नाही, असा त्यानं पाळकांना निरोप धाडला.

तरी संध्याकाळची प्रार्थना तिनं सोडली नाही. रागानं म्हणायची, भिंतीकडे तोंड करून म्हणायची, पण म्हणायची.

आणि मग एके दिवशी चहा झाल्यावर तिनं सुईणीचं बाड त्याच्यापुढे सरकवलं आणि पेन त्याच्या हातात खुपसलं.

"मी? अगं, मी रजेचा अर्जसुद्धा कंडक्टरकडून लिहून घ्यायचो!"

पण तिनं ऐकलं नाही. रोज सकाळी दोघं टेबलाशी बसू लागली. ती एखादा शब्द काढायची, तो बहुधा चुकीचा असायचा. तो अंदाज बांधायचा, ती मान हलवायची. "दार? फाटक? खिडकी? बरं, भिंत?" कधीकधी दोघांनाही हसू फुटायचं. एक वाक्य जमलं तर दिवस सार्थकी लागला म्हणायचा. बऱ्याचदा तेही जमायचं नाही. मग ती टेबलावर डोकं टेकून रडायची आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा खुर्ची ओढायची.

एकदा ती डावा हात बाळ धरल्यासारखा वाकवून त्याच्याकडे बघत राहिली. "जड?" तिनं विचारलं.

"कोण जड? सुईण?"

"नाही." तिनं त्याच्या छातीवर बोट ठेवलं. "तुम्ही... नेलं. जड?"

त्यानं पेन खाली ठेवलं. बाळाला पुरायला तो एकटाच गेला होता. ती तेव्हा इस्पितळात होती, तिला कुणी उठू दिलं नव्हतं. इतकी वर्षं तिनं हे विचारलं नव्हतं.

"नाही गं," तो म्हणाला. "काहीच वजन नव्हतं. बसमध्ये कुणी जेवणाचा डबा विसरून जातं ना, तेवढं. मला वाटलं, पेटी रिकामीच दिली की काय. मी वाटेत उघडून पाहिली."

डाव्या हातानं तिनं त्याचा हात घट्ट धरला. थोड्या वेळानं तो सोडला आणि म्हणाली, "लिहा."

त्यानं लिहिलं. ऱ्हस्व-दीर्घाची पार वाट लागली होती, पण तिनं एक शब्दही बदलू दिला नाही.

पुढे सुईण फाटकातून आत गेली. इथे ड्रायव्हरला हुरूप आला आणि त्यानं आपल्याच मनानं लिहून टाकलं की देवानं तिला शांती दिली. तिनं ते खोडलं.

"अगं, मग काय दिलं?"

"बसली," ती म्हणाली. "मागे."

"शेवटच्या बाकावर? बरं. आणि शांती?"

तिनं खूप विचार केला. "अजून... नाही."

त्यानं तेवढंच लिहिलं. त्या आठवड्यात तिला दुसरा झटका आला आणि त्यातून ती उठली नाही. शेवटच्या दिवशी तो पलंगाशी बसून प्रार्थना म्हणत होता. तिचे ओठ त्याच्याबरोबर हलत होते, मग हलायचे थांबले. त्याला एकट्यालाच ती पुरी करावी लागली.

प्रकाशनाचे संपादक जुन्या ओळखीचे. बाड वाचून ते घरी आले. "वाचकाला असं शेवटच्या बाकावर अडकवून कसं चालेल? एखादं प्रकरण मी जोडतो. बाईंच्या मनात होतं तसंच."

"तिच्या मनात काय होतं ते मी लिहिलंय," ड्रायव्हर म्हणाला. "पुढचं तिनं खोडलं होतं."

संपादक नाराज होऊन गेले. बाड बरेच दिवस पडून राहिलं. अखेर त्यांनी छापलं, होतं तसं, शेवटच्या तुटक वाक्यांसकट. फार खपलं नाही. मंडळीतल्या काही जणांनी, पुस्तक अर्धवट आहे म्हणून, परतही आणून दिलं.

एका दुपारी दारावर एक अनोळखी तरुण बाई आली. पुस्तक पर्समध्ये होतं. "लेखिकाबाईंचे मिस्टर तुम्हीच ना? पुढे काय झालं हो त्या सुईणीचं? मिळाली का शांती?"

"मला नाही सांगितलं तिनं," तो म्हणाला. "बहुतेक तिलाही ठाऊक नव्हतं. पण सुईण उठून निघून गेली नाही, एवढं नक्की. गेली असती तर माझ्याकडून लिहून घेतलं असतं."

ती बाई दारातच रडू लागली. काय झालंय ते त्याला विचारावं लागलं नाही. त्यानं तिला आत बसवलं, चहाचं आधण ठेवलं आणि तिकडूनच विचारलं, "मुलगा होता की मुलगी?"