भावजयीची सुट्टी

माझ्या भावजयीला भेटायला तुम्ही आमच्या घरी आलात, तर ती तुम्हाला झोपलेली सापडेल. आळशी म्हणून नव्हे, डेअरीत दूध काढते म्हणून. पहाटेची एक पाळी, दुपारची एक पाळी, आणि मधल्या वेळात घरी येऊन भिंतीकडे तोंड करून जी आडवी होते ती होते. मी तिची थोरली नणंद. त्यांच्याच घरात राहते, लोकांचे कपडे शिवते आणि तिची दोन पोरं सांभाळते. भावजयीबद्दल चार शब्द चांगले बोलायची माझ्या जिभेला सवय नाही, पण आज बोलते.

आमच्या घरात सगळ्यात जास्त बोललं जाणारं वाक्य कोणतं, तर "हळू, आई झोपलीये." ते म्हणणारी मीच. पोरं कुजबुजत भांडतात. मी शिलाई मशीन स्वयंपाकघरात नेऊन ठेवलंय आणि दार लावून घेते. आणि ती उठली की तिचं एकच पालुपद, "आटपा, आटपा." आंघोळ आटपा, जेवण आटपा, रडायचं तेही आटपा, कारण तिची पुढची पाळी दारात उभी असते.

एकदा शाळेत बाईंनी थोरल्याला विचारलं, तुझी आई काय करते? तो म्हणाला, "झोपते." वर्ग हसला. मी ही गंमत रात्रीच्या जेवणाला सांगितली. माझा भाऊ इतका हसला की त्याला ठसका लागला. भावजय हसली नाही. घास हातात धरून बसून राहिली.

धाकटीचं तर आणखीनच अवघड होतं. ती पडली, लागलं, स्वप्नात घाबरली, की माझ्याकडे धावायची. आईनं उचलून घेतलं तर अंग ताठ करायची आणि "आत्या, आत्या" करायची. खोटं कशाला बोलू, मला ते बरं वाटायचं. पण भावजयीच्या तोंडाकडे बघवायचं नाही. ती पोरीला मुकाट्यानं माझ्याकडे द्यायची आणि परत भिंतीकडे वळायची.

मग तिला एक पूर्ण दिवस सुट्टी मिळाली. मी म्हटलं, बागेत जाऊ. ती म्हणाली, "ताई, डेअरीत जाऊ." सुट्टीच्या दिवशी तिथे लोक पोराबाळांना घेऊन गायी बघायला येतात, तिकीट काढून.

"डोकं ठिकाणावर आहे का तुझं?" मी म्हटलं. "रोज तिथेच मरतेस, सुट्टीलाही तिथेच?"

"पोरांना दिसू दे तरी, मी काय करते ते," ती म्हणाली. "एक दिवस मी त्यांच्यासोबत उभी राहून दाखवते. मग परत झोपते हवी तेवढी."

मी तिच्यासाठी निळा ड्रेस शिवायला घेतला. गळ्याला बारीक पाइपिंग केली. पाइपिंग मी कुणालाही करून देत नाही, डोळे जातात.

डेअरीच्या पुढच्या फाटकाशी वॉचमन तिला बघून गालात हसला. "आज पुढच्या दारानं?" म्हणाला. तिनं तिकिटं दाखवली आणि मान ताठ करून आत गेली. मला ते फार आवडलं.

आत शिरायच्या आधी तिनं आम्हाला बाजूला घेतलं. "एक सांभाळा," ती म्हणाली. "दूध काढतात तिथे गेल्यावर मला हाक मारू नका. मीही बोलणार नाही. गायी माझा आवाज ओळखतात. आवाज ऐकला आणि मी जवळ दिसले नाही, तर माझ्या बदलीवरच्या माणसाचे हाल होतात."

थोरला म्हणाला, "घरी आई झोपली म्हणून गप्प, इथे गायी ऐकतील म्हणून गप्प. मग बोलायचं कुठे?"

"बसमध्ये," माझा भाऊ म्हणाला. त्याच्या खांद्यावर डब्यांची पिशवी होती आणि कपाळावर घाम.

वासरं बघितली. एका वासरानं थोरल्याचा हात मनगटापर्यंत तोंडात घेतला, तो खूश. चाऱ्याच्या ढिगावर पोरं चढली, घसरली. भावजय सोबत होती, पण पाय ओढत चालत होती. जिथे टेकायला मिळेल तिथे टेकत होती. धाकटी माझ्या कडेवर. दोनदा आईनं हात पुढे केले, दोन्ही वेळा तिनं माझ्या खांद्यात तोंड खुपसलं. मी म्हटलं, "गायींच्या वासानं बावरलीये." भावजय म्हणाली, "वासाचं काही नाही ताई."

दूध काढायची जागा म्हणजे एक लांबलचक हॉल. दोन्ही बाजूंना उंचावर गायी ओळीनं उभ्या आणि मधल्या खड्ड्यात माणूस, म्हणजे कास बरोबर त्याच्या हाताशी येते. सडांना मशीनचे कप लावायचे, दूध नळीतून जातं. आम्ही वर कठड्यामागे उभे. बदलीवरचा माणूस भराभर हात चालवत होता. भावजयीनं तोंडाला रुमाल लावला होता आणि बोटानं पोरांना खुणा करत होती. एका तांबड्या गायीकडे बोट दाखवून ती थोरल्याच्या कानात पुटपुटली, "ही मालकीण." थाट बघितल्यावर नाव कळलंच.

एवढ्यात माझ्या कडेवरून धाकटीची एक चप्पल कठड्याखाली पडली. काय मनात आलं तिच्या कोण जाणे, जन्मात मला सोडून कुणाला हाक न मारणारी पोरगी ओरडली, "आई, चप्पल!"

आणि भावजयीच्या तोंडून गेलं, "काय गं राणी?"

पोरीनं हाक मारल्यावर कोणती आई गप्प बसेल. पण मालकिणीनं मान वळवली. हंबरली. पाय झाडला, कप खाली आपटले. माणसानं परत लावले, तिनं परत झाडले. दूध येईना. पान्हा चोरून उभी राहिली ती. तिचं बघून शेजारचीही चुळबुळायला लागली. खालून सुपरवायझरनं वर बघितलं, हिला ओळखलं आणि हात जोडले. "दोन मिनिटं या ना बाई."

"आज तिची सुट्टी आहे," मी वरून सांगितलं, चांगलं खणखणीत.

"ताई, राहू दे," ती म्हणाली. नव्या ड्रेसवर रबरी एप्रन चढवून खाली गेली.

मी रागानं नुसती फणफणत होते. पण पोरं कठड्याला नाक लावून बघत होती. ती खड्ड्यात उतरली, मालकिणीच्या पोटाला कपाळ टेकलं, कोमट फडक्यानं कास पुसायला लागली आणि बोलायला लागली. इतक्या हळू, इतक्या मायेनं. "घाई नाही गं बाई. कुण्णाला घाई नाही. तुझ्या वेळेनं. मी आहे ना." गाय शांत झाली. नळीतून दूध धावलं. दोन मिनिटं म्हणता म्हणता सगळी ओळ तिनंच काढली, तसं व्हायचंच होतं. निळ्या बाहीवर शेणाचा शिंतोडा उडालेला मला वरून दिसला.

थोरल्यानं माझी बाही ओढली. मग म्हणाला, "आत्या, ती गायीला घाई नाही म्हणते."

मी धाकटीला दुसऱ्या कडेवर घेतलं. ती वर आली तेव्हा हात कोपरापर्यंत धुतलेले, एका हातात धाकटीची चप्पल, चेहरा पांढराफटक. "झालं बघून?" तिनं थोरल्याला विचारलं. त्यानं मान हलवली. तिनं त्याच्या डोक्यावरून ओला हात फिरवला. एक दिवस पोरांसोबत म्हणाली होती, त्यातला अर्धा गायींनी खाल्ला. रागावायचंही त्राण तिच्यात उरलं नव्हतं.

परतीच्या बसमध्ये खिडकीशी बसली आणि बस हलायच्या आत झोपली. बोलायचं राहिलंच. थोरला तोंड उघडून माझ्याकडे बघायला लागला, मी सवयीनं ओठांवर बोट ठेवलं.

आमचा थांबा जवळ आला. पहाटे पुन्हा पाळी, घरी जाऊन स्वयंपाक, पोरांच्या आंघोळी. मी भावाला पिशवी उचलायला सांगितली आणि तिला हलवायला हात पुढे केला. तेवढ्यात धाकटी माझ्या मांडीवरून उतरली. दोन सीटांमधून घुसून आईकडे गेली, तिच्या कुशीला कपाळ टेकलं आणि अगदी त्याच आवाजात म्हणाली, "घाई नाही गं बाई. तुझ्या वेळेनं. मी आहे ना."

भावजयीनं डोळे उघडले नाहीत. जागी होती की झोपेत, देव जाणे. पण तिचा हात उचलला गेला आणि पोरीच्या पाठीवर येऊन राहिला. पोरगी ताठ झाली नाही.

बस थांब्याला लागली. माझा भाऊ पिशवी घेऊन दाराशी उभा, कंडक्टर म्हणतोय, "उतरताय ना?"

मी म्हटलं, "नाही. पुढे उतरतो आम्ही."