स्कार्फची गाठ आणि गावचा तलाव

प्रत्येक घरात दारामागं एक पिशवी लटकलेली असते, जिच्यात नुसत्या पिशव्याच असतात. मुद्दाम कोणी जमवत नाही, त्या जमतात. माझ्याकडं तशा गाईडच्या पोरींच्या गोष्टी जमल्या आहेत. एक काढायला जावं तर हाताला पाच लागतात! मी शाळेतून येऊन चपला काढल्या की आमचे हे आधीच विचारतात, "काय केलं आज तुझ्या पोरींनी? सगळे जिवंत आहेत ना?"

मी गोंदियाकडच्या गोरेगाव तालुक्यातल्या एका गावी शाळेत मराठी शिकवते आणि स्काउट-गाईडमधल्या गाईडची, म्हणजे मुलींच्या पथकाची कॅप्टन आहे. कॅप्टन म्हणजे काय, तर शिट्टी माझ्या गळ्यात आणि हुकूम पोरींचे. नववी-दहावीच्या या पोरींना राज्य पुरस्कार हवा असेल तर प्रत्येकीनं गावासाठी एक काम स्वतः पुढं होऊन करून दाखवावं लागतं. शिवाय रोजचं एक चांगलं काम वेगळं. सकाळी स्कार्फच्या टोकाला गाठ मारायची, आणि कोणाच्या तरी उपयोगी पडलं की मगच ती सोडायची.

ऐकायला किती गोड वाटतं! मलाही वाटलं होतं.

*

खुशी ही आमची एक्स्प्रेस. गोंदिया शहरातून मामाकडं राहायला आलेली, बोलणं अर्धं हिंदी, आणि गाठ सोडायची घाई सगळ्यांपेक्षा जास्त.

बाजाराच्या दिवशी गोरेगावच्या बसस्टँडजवळ एक आजी वांग्याचं टोपलं घेऊन बसली होती. देवरीची बस लागली, लोक धावले. खुशीला वाटलं, म्हातारीला टोपलं उचलत नाही. हिनं ते उचललं, गर्दीत घुसून बसमध्ये चढवलं, ड्रायव्हरच्या मागं नीट ठेवलं, खाली उतरली आणि ऐटीत गाठ सोडली. बस गेली!

आजी तिथंच. आजीला देवरीला जायचंच नव्हतं. ती बिचारी वांगी विकायला बसली होती!

मी धावत पोचले तेव्हा आजी खुशीचा स्कार्फ धरून ओरडत होती, "माहे वांगे कुठी पाठवले व?" आणि ही बया मोठ्या समजुतीनं सांगत होती, "आजी, टेन्शन मत लो. सीट मिल गई है."

मी कपाळावर हात मारून घेतला. संध्याकाळी परतीच्या बसनं वांगी सुखरूप आली. कंडक्टर टोपलं घेऊन उतरला आणि माझ्याकडं बघत म्हणाला, "मॅडम, तुमच्या सवारीनं टिकट काढलं नाही."

*

पुरस्काराची कामं ठरवायला बैठक घेतली. खुशी पहिली उठली. "मॅडम, मेरा प्रोजेक्ट, खर्रामुक्त शाळा!"

मी टाळ्या वाजवल्या. आमच्या भागात सुपारी-तंबाखूचा तो खर्रा गालात नाही असा पुरुष शोधावा लागतो. म्हटलं, पोरगी शहाणी झाली.

"शुरुआत ऊपर से करेंगे," खुशी म्हणाली. वर म्हणजे नेमकं कुठं, हे मी तेव्हाच विचारायला हवं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी हेडमास्तर सरांची मोटरसायकल फाटकात शिरली. दोन्ही बाजूंनी पोरी पुढं आल्या, कडक सॅल्यूट ठोकला, आणि खुशी म्हणाली, "सर, खिसा."

सरांनी माझ्याकडं पाहिलं. मी कडुनिंबाकडं पाहिलं. शेवटी सरांनी खिशातून पुडी काढली आणि खुशीच्या हातावर ठेवली. त्यानंतर किती तरी दिवस सर माझ्याशी नोटीस काढूनच बोलत होते.

पण खरा धक्का पुढंच होता. महिन्याभरानं प्रार्थनेच्या वेळी सर बोलायला उभे राहिले. तोंड रिकामं. शब्द न् शब्द खणखणीत! पाचवीतली एक चिमुरडी माझा पदर ओढून म्हणाली, "मॅडम, सर रोज हेच सांगे का? मले वाटे, तेबी प्रार्थनाच आहे."

*

सरांचं नशीबच खोटं. प्रथमोपचाराच्या सरावाला डोकं कोणाचं घ्यायचं असा प्रश्न आला, आणि सर ऑफिसात एकटेच बसलेले पोरींना दिसले.

पोरींनी पट्टी मात्र सुंदर बांधली, कबूल करते. डोक्याला गुंडाळी, हात झोळीत. तेवढ्यात सरांचा फोन वाजला, आणि ऑफिसात रेंज नाही म्हणून सर तसेच रस्त्यावर गेले. समोरून जाणाऱ्या एका मोटरसायकलवाल्यानं ते पाहिलं, आणि थांबून विचारण्याऐवजी तो थेट सरांच्या घरी गेला! आमच्या गावाची ही रीतच आहे. बातमी आधी पोचवायची, खरंखोटं मागाहून.

थोड्या वेळात सरांच्या मिसेस रडत रडत शाळेत, मागं अर्धा मोहल्ला. "काय झालं जी? कोनं मारलं तुमाले?" खुशीनं पुढं होऊन सांगितलं, "कुछ नहीं हुआ काकी, सिर्फ नाटक है."

बाईंनी डोळे पुसले. पट्टी सगळीकडून निरखून पाहिली. मग शांतपणे म्हणाल्या, "बांधली तं चांगली. तोंडावरूनबी एक पट्टा घ्याचा होता ना व पोरीहो."

*

आणि आता त्रिवेणी.

त्रिवेणी खुशीच्या अगदी उलटी. दिवसात चार वाक्यं बोलेल, पण बोलली की ठोकून. तिची आई देवकाबाई दिवाळीच्या आगेमागे तलावात शिंगाडे काढायला जाते. छातीभर पाण्यात उभं राहून वेल ओढायचे, शिंगाडे तोडायचे. जन्म गेला त्या पाण्यात, पण बाईला पोहता येत नाही. गावातल्या कोणत्याच बाईला येत नव्हतं. पुरुष पोरपणी म्हशीच्या शेपटीला धरून शिकतात. बायांनी घाटावर धुणं धुवायचं आणि घरी जायचं.

मागच्या वर्षी वेलात पाय अडकून देवकाबाई खोल पाण्यात गेली. त्रिवेणीच्या मामानं केसाला धरून डोंग्यात, त्याच्या लाकडी होडक्यात ओढली म्हणून वाचली. त्रिवेणी तलावाच्या पाळीवर, बांधावर उभी राहून हे बघत होती. बघण्याशिवाय तिला काही करता आलं नाही. मग उन्हाळाभर मामाच्या मागं लागून ती पोहायला शिकली.

बैठकीत ती उठून म्हणाली, "मी बायांना पोहाले शिकवीन. यंदाच्या शिंगाड्याच्या आधी माही माय शिकली पायजे."

मी म्हटलं, "अगं, बाया पाण्यात उतरतील का गावासमोर?"

"बुडाले तं गावासमोरच बुडतात ना मॅडम."

मी वहीत तिचं काम लिहून घेतलं. त्या दिवशी तिनं स्कार्फला गाठ मारली आणि ती सोडलीच नाही. मी रागावले, "नियम रोजचा आहे, त्रिवेणी!" तर म्हणाली, "माहं काम एका दिवसाचं नाई." दुसऱ्यांना मदत करायची, हंडे उचलायची, म्हाताऱ्यांना दवाखान्यात न्यायची, पण गाठ तशीच. मळून काळी झाली होती.

*

पहिल्या रविवारी मी तलावावर पोचले आणि किंचाळलेच! सगळ्या पोरी पूर्ण गणवेशात पाण्यात! पट्टा, स्कार्फ, बिल्ले, सगळं!

"अगं, काय अवतार हा?"

"मॅडम, आपही ने कहा था, सेवा करते समय पूरा युनिफॉर्म," खुशी पाण्यातून ओरडली. बूट तेवढे पाळीवर ओळीनं काढलेले. का, तर ओले झाले की माय मारते!

आठदहा बाया नऊवारीचे काचे मारून, तरंगायला पाठीला वाळके भोपळे बांधून गुडघाभर पाण्यात हसत उभ्या होत्या. त्रिवेणीचा मामा डोंगा घेऊन जवळच राखण करत होता. आणि पाळीवर गावातले पुरुष जमलेले, फुकटचा तमाशा बघायला.

मी शिट्टी फुंकणार, तोच त्रिवेणी निथळत वर आली. तिनं घरून आणून ठेवलेला एकेक विळा प्रत्येकाच्या हातात दिला आणि म्हणाली, "बसाचं असंल तं पाळीवरचं गवत कापा. आमचं सेवेचं काम चालू आहे."

पुढच्या रविवारी पाळ मोकळी! एक म्हातारा तेवढा मुकाट्यानं गवत कापत होता. मी विचारलं, "बाबाजी, तुम्ही काऊन आले?"

"माही बुढी पान्यात आहे ना जी," तो म्हणाला. "लगन झाल्यापासून एवढी हासताना पाहिली नाई."

*

सगळ्या बाया आल्या, फक्त देवकाबाई पाण्यात आली नाही.

यायची मात्र दर रविवारी! पाळीवर पाय पसरून बसायची आणि तिथून सगळ्यांना शिकवायची. "अवो पाय मार, पाय! हात काय पोळ्या लाटल्यासारखे करून राहिलीस? मान वर घे, मान!" जिला पाण्याची एवढी धास्ती, तिचा आवाज सगळ्यांत मोठा.

त्रिवेणी रोज विचारायची, "माय, ये ना." देवकाबाईचं उत्तर ठरलेलं. "मले नाई जमत. ते खोल पानी पाहिलं की तो वेल आठवते. तू दुसऱ्यायले शिकव." मी स्वतः घरी जाऊन हातापाया पडले. तिनं मला चहा पाजला आणि म्हणाली, "मॅडम, तुमाले पोहता येते का?" मी चहा संपवून परत आले.

पावसाळा गेला, तलाव भरला, वेलांना शिंगाडे धरले. पुरस्काराच्या परीक्षेचा दिवस आला तेव्हा त्रिवेणीनं शिकवलेल्या बाया तलाव आडवा कापत होत्या. पुरस्कार नक्की होता. मी म्हटलं, "आता तरी सोड गं ती गाठ." तिनं मान हलवली. "परवा माय शिंगाड्याले उतरते मॅडम," एवढंच म्हणाली.

*

परीक्षक मॅडम गोंदियाहून आल्या, मंगळवारी. रविवार नाही, हे लक्षात ठेवा.

बायांनी पोहून दाखवलं. मॅडम खूश! मग म्हणाल्या, "बुडणाऱ्याला कसं वाचवता, ते दाखवा." ठरलं असं की त्रिवेणीनं खोल पाण्यात जाऊन बुडायचं सोंग करायचं, आणि एव्हाना पोहायला शिकलेल्या खुशीनं टायरची ट्यूब घेऊन तिच्याकडं पोहत जायचं. त्रिवेणीच्या मामाचा डोंगा पलीकडं उभा होताच. ट्यूब पाण्यात सोडली, त्रिवेणी खोल गेली, हात वर करून ओरडली, "वाचवा! वाचवा!"

तेवढ्यात पाळीवरून देवकाबाई चालली होती. मंगळवार म्हणून ती धानकापणीला गेलेली, डोक्यावर भारा. तिला कोणीच काही सांगितलं नव्हतं!

भारा खाली पडला एवढं मी पाहिलं. मग धप्प असा आवाज. मी ओरडले, "अवो, नाटक आहे! नाटक!" पण तोवर ती पाण्याखाली गेली होती. खुशीनं दचकून ट्यूब त्रिवेणीकडं ढकलली आणि जागच्या जागी थिजली. मामानं डोंगा वळवला. परीक्षक मॅडमनी माझा दंड एवढा घट्ट धरला की वळ उठला.

आणि देवकाबाई वर आली. पाय मारत, मान वर, हात लांब! जे दर रविवारी पाळीवरून ओरडायची ते सगळं करत, डोंग्याच्या आधी, खुशीच्या आधी, थेट पोरीपर्यंत गेली. एका हातानं ट्यूब धरली, दुसऱ्या हातानं त्रिवेणीची वेणी पकडली आणि गदागदा हलवली.

"नाटक आहे माय, नाटक!" त्रिवेणी ओरडली.

"नाटक? मंग एवढी बोंबलत कायले होतीस व?"

परीक्षक मॅडमनी हळूच विचारलं, "याही तुम्हीच शिकवलेल्या का?" खुशीला तेवढ्यात कंठ फुटला. "हाँ मॅडम! सबसे सीनियर!"

देवकाबाईनं धाप टाकत मागं वळून पाहिलं. पाळ केवढी लांब. मध्ये केवढं पाणी. तिचा चेहरा पांढराफटक पडला. दोन्ही हातांनी तिनं ट्यूब आवळली.

"अवो बाई," ती म्हणाली, "आता मी वापस कशी जाऊ व?"

त्रिवेणीनं एक हात ट्यूबवर ठेवला, एक मायच्या कमरेभोवती घातला, आणि स्कार्फची ती काळी पडलेली गाठ दातांनी सोडली.

"आली तशीच, माय."