पेटीचं पुढचं टोक

राजूरमध्ये आमच्या शेजारी राहणारे पास्टर जेवायला बसले की फोन वाजायचाच. कोणाचा नवरा दारू पिऊन आलेला, कोणाची सून माहेरी निघालेली. हातातला घास तसाच धरून ते म्हणत, "बोला, ऐकून राह्यलो." बायको ताटावर झाकण ठेवायची.

गेल्या उन्हाळ्यात त्यांच्या चर्चमधली एक म्हातारी वारली. घराच्या वाटणीवरून तिच्या दोन मुलांचं बोलणं बंद होतं. शवपेटी उचलायची वेळ आली तेव्हा थोरला म्हणाला, "तो पेटीले हात लावत असन, तर मी येत नाही." धाकटाही मागं सरला. पास्टर अंगात ताप घेऊन आले होते. आता ते समजूत काढतील, असं आम्हाला वाटलं. त्यांनी खाली वाकून पेटीचं पुढचं टोक एकट्यानं उचललं आणि तसेच उभे राहिले.

"पास्टर, ठेवा खाली," मी म्हणालो.

"नाही ठेवत. माय त्यायची हाय. येऊ द्या दोघायले."

आधी धाकटा आला, मग थोरला. पास्टर बाजूला झाले आणि मागून चालू लागले. कबरस्तानाच्या वाटेवर खड्डा आला, तेव्हा धाकटा हळूच म्हणाला, "सांभाळ, भाऊ."