जिवंतपणी जिना उतरताना

"डोकं वर करा! अरे, त्यांचं डोकं खाली लोंबतंय!"

टांगा सांगून परत आलेले डॉक्टर जिन्याच्या खालच्या पायरीवरून ओरडत होते. ते डोकं माझं होतं. बाकीचा मी वर, सुंभाने सात ठिकाणी आवळून शिडीला बांधलेला, आणि शिडी आमच्या जिन्याच्या वळणात पाचरीसारखी अडकलेली.

आजार त्याच सकाळी कळला होता. पंधरा दिवस उजव्या कुशीत चमक येत होती, अंगात कसर होती. मी खापर शेंगोळ्यांवर फोडलं. मग बोलताना धाप लागू लागली आणि मी गप्प बसलो. तेव्हा मात्र सारी बाजारपेठ घाबरली. डॉक्टरांनी पाठीवर बोटं ठोकून पाहिली. म्हणाले, "प्लुरल इफ्यूजन." म्हणजे फुप्फुसाभोवतीच्या आवरणात पाणी साठणं. लोणावळ्यात पाणी भिंतीतून येतं, चुलीखालून येतं, काडेपेटीतसुद्धा येतं. बरगड्या तेवढ्या कोरड्या आहेत असं मला वाटत होतं.

"यांना आडवं निजवू नका, चालवू नका. उचलून दवाखान्यात आणा. आज पाणी काढलं नाही तर श्वास कोंडेल." एवढं सांगून डॉक्टर टांग्यामागे गेले. उचलायचं कसं, हे सांगायचं राहिलं.

माझं लोखंडी सामानाचं दुकान. मुंबईहून काचेची पेटी आली की वरची बाजू कुठली ते तिच्यावर बाण काढून दाखवलेलं असतं. स्टेशनावरचा हमालसुद्धा तो बाण पाळतो. माणसाच्या अंगावर असा बाण नसतो, याचा संताप मला आजही येतो.

शेजाऱ्यांनी मारुतीआबांना बोलावलं. बाजारात कोणी वारलं की तिरडी बांधायची ती आबांनीच. त्यांची गाठ अशी की सह्याद्री बांधला तर तोही हलणार नाही. निजलेलं माणूस घराबाहेर काढायचं म्हटलं की गावाला दुसरं नाव सुचतच नाही. आबा आले, शिडी मागितली, मला आडवा केला आणि सवयीने कामाला लागले. मी नको म्हणत होतो, पण आवाज फुटत नव्हता. आणि आबांना बोलणाऱ्या माणसाची सवय कुठली? शेवटी त्यांनी माझ्या पायांचे दोन्ही अंगठे एकमेकांना बांधले. ते पाहून आमच्या मंडळींनी जो हंबरडा फोडला, तो ऐकून घाटात इंजिन थांबलं म्हणतात.

त्यात आणखी एक. उतारावर पाय पुढे हवेत, म्हणजे डोकं वर राहतं. पण आबा अडून बसले. "जित्याचं पाय म्होरं करून आमी न्हेत न्हाई." पाय पुढे फक्त मेलेल्याचे. म्हणून मला डोक्याकडून खाली सोडलं. छातीतलं पाणी गळ्याशी आलं. डोळ्यांपुढे काळी माशी, मग दहा माश्या, मग सगळी गुळाची ढेप. हे मात्र मी वाढवून सांगत नाही : मी चाललो होतो.

डॉक्टरांनी मला वर ओढायला लावलं. सुरीने सुंभ कापला आणि मला बसवलं. श्वास सापडला. मंडळींनी खालच्या दुकानातून माझी गल्ल्यावरची हातांची खुर्ची आणवली. डॉक्टरांनी आधी ती उचलून, दाबून पाहिली. मग मला तीत बसवून छातीवर आणि मांडीवर धोतराचे पट्टे बांधले. "हात मांडीवर. कठडा धरलात तर तिघांना घेऊन पडाल." एक गडी वर पाठीशी, दोघे खाली पुढच्या पायांशी, खुर्ची जरा मागे कललेली. बोलणारा एकच, डॉक्टर. दर पायरीला एक शब्द.

तरी आबा आडवे आलेच. पाय पुढेच होते ना. तेव्हा मंडळी म्हणाल्या, "आबा, तिरडीवर कोणी बसून गेलेलं पाहिलंत का?" आबांनी विचार केला आणि वाट दिली.

सतरा पायऱ्या. काशीयात्रा याहून जवळ असेल.

दवाखान्यात 'टॅपिंग' केलं, म्हणजे बरगड्यांमधून जाड सुई घालून पाणी काढलं. डॉक्टर म्हणतात तीन बाटल्या. माझ्या हिशोबी इंद्रायणीला पूर येईल एवढं. तीन आठवडे उशांना टेकून बसून काढले. त्या बैठकीत मंडळींचे, डॉक्टरांचे आणि त्या खुर्चीचे उपकार रोज मोजले. ती खुर्ची आता गल्ल्यावर नाही, जिन्याखाली टांगली आहे. ज्याला लागेल त्याने न विचारता न्यावी. धाप लागलेल्या माणसाला आडवं करू नका, आणि उचलण्याआधी त्याला विचारा. त्याला तोंड असतं.

हे सगळं आबांना सुनवायला मी चालत त्यांच्या घरी गेलो. अंगठ्यांपासून डोक्यापर्यंत एकही गाठ सोडली नाही. असं कोणी माणसाला नेतं का, म्हणून गल्लीभर ऐकू जाईल असं विचारलं. आबा सुंभ वळत बसले होते. त्यांनी मान वर केली नाही.

म्हणाले, "आजवर कुनी माघारी येऊन सांगितलंच न्हाई."