रिकामा फ्लॅश

लग्नाचे फोटो काढणाऱ्या आमच्यातल्या पुष्कळांना एक गोष्ट येते, आणि ती गिऱ्हाईकाला कुणी सांगत नाही. स्टेजवर आहेराची रांग लागते. एकेक पाहुणा नवरा-नवरीशेजारी उभा राहतो, कपड्यांवरून हात फिरवतो, कॅमेऱ्याकडं बघतो. त्या सगळ्यांचे फोटो निघतातच असं नाही. फ्लॅशच्या मागं एक बारीक बटण असतं. ते दाबलं की नुसता उजेड पडतो. पाहुणा समाधानानं खाली उतरतो. याला आम्ही रिकामा फ्लॅश म्हणतो. रोल वाचवायला माझ्या उस्तादांनी तो शिकवला होता. रोल गेले, हाताची सवय राहिली. नंतर फोटो निवडत बसायचा कंटाळा, दुसरं काय.

अक्कांच्या घरची कामं मी त्यांच्या थोरल्याच्या जावळापासून करतोय. अक्कलकोट रोड एमआयडीसीत त्यांचा टॉवेलचा कारखाना. माहेर वैरागचं, आणि इतकी वर्षं सोलापुरात काढूनही बोलणं तिकडचंच. त्यांच्या शब्दावर मला आसपासच्या कारखानदारांची घरं मिळाली. “फोटोवाला आमच्या घरातलाच हाय,” असं त्या सांगत, आणि मलाही त्याचा तोरा होता. कुणाचं कुणाशी बोलणं नाही, कुठल्या जावेला कुठल्या जावेशेजारी उभं करायचं नाही, हे मला पाठ होतं. या धंद्यात माणसं ओळखता आली पाहिजेत, कॅमेरा काय कुणालाही येतो, असं मी चारचौघांत बोलायचो.

त्यांच्या लेकीच्या लग्नात रांग संपत आली असताना एक म्हातारा एकटाच स्टेजवर चढला. एसटीतून आल्यासारखा चुरगळलेला सदरा, हातात कॅरीबॅगेत साडी. मी त्याला ओळखत नव्हतो. कॅमेऱ्याची बॅटरी उतरत आली होती, पाठवणी बाकी होती. तो नवरीशेजारी ताठ उभा राहिला. मी कॅमेरा डोळ्याला लावला आणि मागचं बटण दाबलं. तो मान हलवून उतरला आणि न जेवताच निघून गेला.

तो अक्कांचा थोरला भाऊ होता, हे मला तो वारल्यावर कळलं. वाटणीवरून बोलणं बंद होतं, मामाचा मान धाकट्या भावानं केला होता, थोरला येईल असं कुणाला वाटलंच नव्हतं. अक्कांचा फोन आला. अल्बममध्ये त्याचा फोटो नाही म्हणाल्या, तुमच्याकडं असेल तो द्या. दोघांचं वैर मिटल्याची तेवढीच एक खूण होती त्यांच्याकडं.

मी म्हणालो, बघतो.

खरंच बघितलं. कुणाच्या खांद्यामागं, मांडवाच्या कोपऱ्यात कुठं तरी तो दिसेल म्हणून सगळं चाळलं. कुठंच नव्हता. पुढच्या फोनला सांगून टाकलं की हार्डडिस्क उडाली, अल्बमला निवडलेले तेवढेच फोटो वाचले. आमच्या धंद्यात हे कुणालाही पटतं.

अक्कांनाही पटलं, आणि तिथंच मी अडकलो. त्यांचा धाकटा मुलगा पुण्यात. अक्का म्हणाल्या, तिकडं बिघडलेल्या डिस्कमधलंही काढून देतात म्हणे, तुम्ही डिस्क तेवढी द्या. मग त्या मुलाचे मेसेज सुरू झाले: काका, न्यायला कधी येऊ? डिस्क माझ्या टेबलावर, ठणठणीत. फरशीवर आपटावी म्हणून एकदा हातात घेतलीसुद्धा. त्यांच्या कारखान्यावरून जाणं टाळायला मी लांबचा रस्ता धरू लागलो. आज लपवत नाही: तेव्हा मला अक्कांच्या भावाचं काही वाटत नव्हतं. हे घर सुटेल, त्याच्या ओळखीनं आलेली घरं सुटतील, एवढीच धास्ती होती. लाज मागून आली.

मुलगा पुण्याहून निघाल्याचं कळलं, त्या सकाळी मीच कारखान्यावर गेलो. अक्का टॉवेलच्या गठ्ठ्यांना लेबलं लावत होत्या. मागं यंत्रमाग खडखडत होते, त्यामुळं मला मोठ्यानं बोलावं लागलं. असलं काही मोठ्यानं सांगणं फार कठीण.

“अक्का, डिस्क चांगली आहे. तो फोटो मी काढलाच नव्हता.”

“काढला की. मी खालीच हुबी हुते. लाईट पडला की त्याच्या तोंडावर.”

मी पिशवीतून नुसता फ्लॅश काढला आणि बटण दाबलं. खोलीत उजेड पडला. अक्कांनी डोळे मिटले, उघडले आणि माझ्या हाताकडं बघितलं. हातात कॅमेरा नव्हता.

त्यांनी पुढच्या गठ्ठ्याला लेबल लावलं. मग माझ्याकडं न बघता म्हणाल्या, “वैरागच्या स्टँडवर सगळ्यास्नी सांगत हुता म्हनं, भाचीसंगं फोटू काढून आलो.”

त्या दिवशी चहा आला नाही.

त्या धाकट्या मुलाचं लग्न ठरलं तेव्हा बोलावणं येणार नाही हे मी धरूनच चाललो होतो. फोन आला. “तुमीच या,” एवढंच. का, ते मी विचारलं नाही.

आहेराची रांग लागली तशा अक्का विहीणबाईंना सोडून माझ्याशेजारी येऊन उभ्या राहिल्या. पहिला फ्लॅश पडला.

“दावा.”

मी कॅमेरा वळवून पडदा दाखवला. त्यांनी चष्मा सावरून बघितलं, मान हलवली, मग पुढचा पाहुणा. प्रत्येकाला तेच. रांग तुंबली. अक्का आता स्टुडिओ टाकणार दिसतंय, असं म्हणून कुणी तरी हसलं. अक्का हसल्या नाहीत. माझं बोट एकदाही मागच्या बटणाकडं गेलं नाही, तरी पडद्यावर माणूस उमटलाय का, ते दर वेळी अक्कांच्या आधी मीच वाकून बघायचो.

सगळ्यात शेवटी वऱ्हाडाच्या गाडीचा ड्रायव्हर चढला. एकटाच. कॉलर नीट केली, नवरदेवाशेजारी ताठ उभा राहिला. मी दोन फोटो काढले.

“दावा.”

हा फोटो अक्का कॅमेरा हातात घेऊन बराच वेळ बघत राहिल्या. मग कॅमेरा माझ्या हातात देत म्हणाल्या, “जा, थांबवा त्याला. जेवल्याबिगर जाईल.”

मी कॅमेरा गळ्यात घेऊन त्याच्यामागं पळालो.