कुंकवाचं बोट लावलेली शेणी

देव मागितलेलं देतो, असं कुणी म्हणालं की मी नुसती मान हलवायची. बहात्तरच्या दुष्काळात आम्ही काय थोडं मागितलं होतं? विट्याच्या पुढं आमचं गाव. विहिरीनं तळ दाखवला, दावण रिकामी झाली आणि त्याच उन्हाळ्यात आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, गेल्या. मालक पलटणीत, लांब सरहद्दीवर. घरात उरलो मी आणि मामंजी, माझे सासरे. पुढं पाऊस चांगला झाला, गाव हिरवं झालं, पण मी देवीवर रुसलेलीच होते.

आत्याबाईंचा सगळा जीव परड्यात. हिवाळा लागला की घरामागच्या त्या तुकड्यात मेथी, मुळा, वांगी आणि कुडावर चढणारा जांभळ्या कडेचा घेवडा असायचा. त्याचं बी त्यांनी माहेराहून आणलेलं. कीड लागू नये म्हणून त्या ते ताज्या शेणात कालवून शेणी थापायच्या आणि मागच्या भिंतीला चिकटवून ठेवायच्या. जळणाच्या शेण्यांत ती ओळखू यावी म्हणून तिला कुंकवाचं बोट लावायच्या. नवरात्रात ती फोडायची, आणि दसऱ्याला घट उठला की घटाची माती परड्यात पसरून त्यातच बी लावायचं, असा त्यांचा नेम होता. मागायला येईल त्या बाईला मूठभर बी मिळायचं. ओळखपाळख लागत नसे.

त्या गेल्यावर वर्ष सरलं नव्हतं, म्हणून सण करायचा नव्हता. पण घट कुणी मोडत नाही. घट बसायच्या आधी मी घरातल्या वाकळा धुवायला काढल्या आणि पहिला भारा घेऊन ओढ्यावर गेले. तेवढीच मला मदत म्हणून मामंजींनी मागं चूल पेटवली, पाणी ठेवलं आणि भिंतीवरच्या शेण्या काढून आत सारल्या. कुंकू पावसाच्या झडीत कधीच धुऊन गेलं होतं. मी परत आले तर ते चुलीपुढं बसून होते.

"सूनबाई, आत कायतरी तडतडलं गं," एवढंच म्हणाले. काय तडतडलं ते दोघांनाही कळलं होतं.

मी म्हटलं, "आवं मामंजी, बी काय, बाजारात पायलीनं मिळंल."

"ती गेली तवा तिचं परडं तरी हुतं. त्येबी म्याच जाळलं."

त्या दिवसापासून त्यांनी परड्याच्या दाराकडं पाठ केली. अर्धी भाकरी, मग चतकोर, मग ताट तसंच परत. आयुष्य पलटणीत घातलेला ताठ माणूस, पण उठताना भिंत धरू लागला. मी रागावले, विनवण्या केल्या, त्यांच्या आवडीचं खरडलेलं पिठलं केलं. माशा बसल्या त्यावर. मालक रजेवर येतील तेव्हा त्यांना काय तोंड दाखवू, या विचारानं माझी गाळण उडाली.

सातव्या माळेच्या सकाळी घटापुढं दिव्यात तेल घालताना मी देवीशी सरळ भांडले. "एक माणूस नेलंस. हे तरी राहू दे. बी मागत नाही, परडं मागत नाही. त्यांच्या पोटात भाकरी जाऊ दे. मला आता काही सुचत नाही, तूच बघ." एवढं बोलले आणि अंगातला जोरच गेला. भांडायलाही काही उरलं नव्हतं.

दुपारी वाटेवर मेंढरं बेंबटली आणि एक धनगराची बाई दारात आली. "आत्या हायती का?"

आत्याबाई गेल्याचं सांगितल्यावर ती उंबऱ्याशी बसली. तिनं ओच्यातून फडक्याची गाठोडी काढून माझ्यापुढं धरली. आत शेणी होती. तिच्यावर कुंकवाचं बोट.

"लय सालं झाली, आत्यानं मला घेवड्याचं बी दिलं हुतं. आमचं फिरतं बिऱ्हाड, आमाला कुटलं परडं? पाटणाकडं भनीच्या दारात लावलं. दुष्काळात तिकडंच ऱ्हायलो, येलबी तितंच जगला. म्हनलं, आत्याचं आत्याला द्यावं. आज खालच्या वाटंनं जायचं हुतं, हिकडं माघारी येताना येनार हुतो, पर वढ्याला पानी. मेंढरं उतरंनात, म्हून हिकडनं वळलो."

ज्या ओढ्यात दोन वर्षं धूळ उडत होती, त्या ओढ्याला मेंढरं उतरू नयेत इतकं पाणी. शेणी हातात घेऊन मी तशीच उभी राहिले.

मामंजी कधी उठून मागं आले कळलं नाही. त्यांनी शेणी दोन्ही हातांनी घेतली, कपाळाला लावली आणि लहान पोरासारखे रडले. मग डोळे पुसत बाईला विचारलं, "भन पानी रोज घालती का दिसाआड?" तिचं सांगणं नीट ऐकून घेतलं आणि माझ्याकडं वळून म्हणाले, "सूनबाई, हिला भाकरी वाढ. मलाबी वाढ."

दसऱ्याला घटाच्या मातीत बी त्यांनीच लावलं. भोगीच्या भाजीत परड्यातला घेवडा पडला.

ती बाई पुन्हा त्या वाटेनं आली नाही. मला आजही वाटतं, मी त्या सकाळी हात टेकले, पण ते बी तर त्याच्या कितीतरी आधी निघालं होतं. आत्याबाईंनी कधीकाळी मूठ उघडली तेव्हाच. मी रुसले होते, भांडत होते, तेव्हाही ते पाटणच्या कुण्या दारात माझ्यासाठी वाढत होतं. तेव्हापासून देवीपुढं बसले की मी मागत नाही. बसते, इतकंच.

चैत्रात शेंगा वाळल्या. मामंजींनी शेण कालवून दोन शेण्या थापल्या आणि हाक मारली, "सूनबाई, कुंकवाचा करंडा आन." एकीला बोट लावून ती वळचणीखाली लावली, पाऊस लागणार नाही अशी. दुसरीला बोट लावलं आणि ती दाराजवळच्या कोनाड्यात ठेवली, मागायला येईल तिच्यासाठी.