दोन खाटांमधला अबोला

एजन्सीची नर्स म्हणजे मांडववाल्याकडून आणलेली खुर्ची. बसायला हवी असते, पण मोडली तर कुणाला हळहळ वाटत नाही. २०१६च्या हिवाळ्यात मी अशी खुर्ची होऊन डोनेगलला गेले. आयर्लंडच्या पार वरच्या टोकाला, समुद्रात घुसलेल्या चिंचोळ्या जमिनीवर म्हाताऱ्या माणसांचं एक छोटं इस्पितळ होतं. तिथे टिकायला कुणी तयार नसे, म्हणून एजन्सी आम्हाला काही आठवड्यांपुरतं पाठवायची. नवरा आणि लेक डब्लिनजवळ स्वोर्ड्सच्या घरी, मी तिकडे. फोनवर लेकीला विचारावं, "जेवलीस का गं?" तर ती तिच्या आयरिश हेलात म्हणायची, "आय'म ग्रँड, मम." ग्रँड म्हणे! त्या देशात पाय तुटलेला माणूसही ग्रँडच असतो.

पहिल्या सकाळी हँडओव्हरमध्ये रात्रपाळीच्या नर्सने मला सगळं सांगितलं. कुणाला साखर आहे, कुणाचं ड्रेसिंग बदलायचं, चादरी कुठल्या प्रेसमध्ये, म्हणजे त्यांच्या भाषेत कपाटात, असतात. फक्त एक गोष्ट कुणी सांगितली नाही, कारण ती सगळ्या गावाला माहीत होती आणि मी गावातली नव्हते. बायकांच्या वॉर्डात खिडकीकडच्या दोन खाटांमधला पडदा दिवसाढवळ्या ओढलेला होता. म्हटलं, जरा उजेड येऊ दे बायांना, आणि सर्रकन बाजूला सारला. दोन म्हाताऱ्या समोरासमोर आल्या. तेच नाक, तीच हनुवटी. एकीने भिंतीकडे तोंड फिरवलं. दुसरीने चहाचा कप माझ्या अंगावर भिरकावला.

आमची केअर असिस्टंट, पन्नाशीची गावातलीच बाई, धावत आली आणि पडदा परत ओढला. कॉरिडॉरमध्ये मला म्हणाली, "सख्ख्या बहिणी आहेत. बोलत नाहीत."

"कधीपासून?"

"माझ्या जन्माच्या आधीपासून."

"अगं मग एका वॉर्डात कशाला ठेवल्यात?"

"दुसरा वॉर्ड पुरुषांचा आहे," ती म्हणाली. "तू काही बोलायचं नाहीस हं. इथे कुणीच बोलत नाही."

खरंच, अख्खं इस्पितळ तो अबोला पाळत होतं. प्रार्थनेला एकीची व्हीलचेअर पुढे, दुसरीची पार मागे. एकीचं जेवण उरकल्यावर दुसरीला टेबलाशी न्यायचं. मी त्यांना मनात थोरली आणि धाकटी म्हणायला लागले.

कप फेकणारी थोरली. लिव्हरचा कॅन्सर, आणि जिभेला हाड नाही. आंघोळ घालायला गेले तर म्हणाली, "तुझे हात धुतलेत ना? तुमच्याकडे नळ असतात का?"

माझ्या डोक्यात तिडीक गेली. म्हटलं, "असतात. आणि आम्ही वापरतो. तुमच्या कानामागचा मळ बघितलात का?"

ती खो खो हसली. त्या दिवसापासून तिला मीच लागायची. प्रेम वगैरे काही नाही, भांडायला नवं माणूस मिळालं इतकंच.

मग तिचं खाणं सुटलं, डोळे पिवळे झाले. डॉक्टरांनी दुखणं कमी करायला औषधाचा सिरिंज पंप लावायला सांगितला आणि रिवाजाप्रमाणे तिला कॉरिडॉरच्या टोकाच्या एकट्या खोलीत हलवलं. ती खोली कशासाठी आहे हे तिथल्या प्रत्येक म्हातारीला ठाऊक होतं. एका सकाळी मी तिचे ओठ ओल्या स्पंजने पुसत होते, तर तिने माझं मनगट धरलं.

"तिला आण. एकदा येऊ दे. मला तिला बघायचंय."

"मी? इथल्या कुणाला तरी सांगा ना."

"इथली प्रत्येकजण एक तर माझ्या बाजूची आहे नाही तर तिच्या. तू कुणाचीच कुणी नाहीस. तूच जा."

लागलं मला ते. पण खोटं काय होतं त्यात?

मी गेले. अबोला आमच्याकडे काय कमी असतो? माझी आई आणि मावशी एका भाचीच्या लग्नातल्या मानपानावरून कितीतरी वर्षं एकमेकींचं तोंड बघत नव्हत्या. पण मावशी जायला टेकली तेव्हा आई अनवाणी धावली, चमच्याने तिला पाणी पाजलं, गळ्यात पडून रडली. माणूस जायला निघालं की रक्त धावतंच, असं मी अगदी गृहीत धरून चालले होते. धाकटी दिवाणखान्यात चहा घेत होती. मी तिच्या खुर्चीशी उकिडवी बसून निरोप सांगितला.

तिने शांतपणे कप खाली ठेवला. "माझी आई गेली तेव्हा मी ग्लासगोला कामाला होते. ही इथे आईजवळ होती. हिने मला कळवलं नाही. आईला घरात ठेवलं, गाव येऊन बसलं, चहा-सँडविच झाले, पुरून झालं. मग पत्र टाकलं. आता हिला मी हवी?"

मी थोरलीकडे परतले. म्हटलं, असं का केलंत हो?

तिने डोळेसुद्धा उघडले नाहीत. "ती आली असती तर सगळे तिच्याच गळ्यात पडले असते. परदेशातनं आलेली लाडकी. आईचं हगणं-मुतणं मी काढलं होतं. निदान मेल्यावर तरी आई माझी एकटीची हवी होती मला." मग जरा वेळाने, "आण ना तिला."

काय बायका होत्या मेल्या! पण माझा जीव तुटायला लागला. रोज सकाळी जाऊन मी धाकटीच्या विनवण्या करत होते. बोलू नका, नुसत्या दारात उभ्या राहा. मी खुर्ची ढकलत नेते. केअर असिस्टंट मला बाजूला घेऊन म्हणाली, "कशाला नसती उठाठेव करतेस?" धाकटी तर मी दिसले की रेडिओचा आवाज वाढवायची. तिथल्या लोकल रेडिओवर दिवसातून काही वेळा गावातले मृत्यू वाचून दाखवतात, कोण गेलं, कुठल्या चर्चमध्ये अंत्यविधी आहे. ती ते कान देऊन ऐकायची. एकदा ते संपल्यावर तिने रेडिओ बंद केला आणि माझ्याकडे बघून म्हणाली, "अजून नाही वाटतं."

थोरली एका दुपारी गेली. मी जवळ होते. शेवटचे काही तास ती फक्त बहिणीचं नाव घेत होती, नावही नाही, लहानपणी हाक मारतात तसा त्याचा अर्धा तुकडा. दार वाजलं की डोळे तिकडे जायचे. दारात कधी औषधाची ट्रॉली, कधी पाद्री, कधी मी. मी पुन्हा एकदा धावत धाकटीकडे गेले आणि म्हटलं, आता चला हो, आता शेवटचं आहे. ती म्हणाली, "माझी जेवायची वेळ झालीय." मी परत येईपर्यंत ते नाव थांबलं होतं.

अंत्यविधीला मात्र धाकटी आली. पहिल्या रांगेत, काळा कोट, केस सेट केलेले. घरचं म्हणून तीच एकटी. प्रार्थना संपल्यावर तिथे सगळं गाव रांगेने पुढे जातं, घरच्यांचा हात हातात घेतं आणि प्रत्येकजण एकच वाक्य म्हणतो, "सॉरी फॉर युअर ट्रबल." ती मान डोलवत सगळ्यांचे हात घेत होती. डोळे कोरडे ठणठणीत. गाव तिच्याच गळ्यात पडत होतं. माझ्या अंगाचा तिळपापड होत होता.

माझी पाळी आली. मी वाक्य म्हणायच्या आत तिने माझा हात घट्ट धरला आणि जवळ ओढलं. तोंडाला चहाचा वास होता.

"शेवटी माझं नाव घेत होती ना?"

विजयाने विचारत होती की दुसऱ्या कशाने, मला नाही कळलं, आणि मला कळून घ्यायचंही नव्हतं.

"नाही," मी म्हटलं. "एकदाही नाही. आईला हाका मारत होत्या. मग हसल्या आणि म्हणाल्या, आई आली बघ, माझ्यासाठी आली."

तिचा हात माझ्या हातात तसाच राहिला. सोडायचं भान तिला उरलं नव्हतं. मीच एकेक बोट काढून माझा हात सोडवून घेतला. मागचा म्हातारा पुढे झाला, टोपी काढून म्हणाला, "सॉरी फॉर युअर ट्रबल," आणि ती तोंड वेडंवाकडं करून, भर चर्चमध्ये, लहान मुलीसारखी भोकाड पसरून रडायला लागली. लोक म्हणाले, बहीण ती बहीणच शेवटी.

मला बरं वाटलं.